एका गावाचा दरडनकाशा कसा काढायचा

इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या पोटाशी वसलेल्या या ठाकरांच्या वाडीवर डोंगर आला. चार दिवस शोध चालला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं त्याच मातीत राहिली. त्याआधी २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली, तीही सगळ्या गावावर नाही, कोंढाळकरवाडीवर. यादी गावाच्या नावानं होते, डोंगर मात्र घळीच्या वाटेनं खाली येतो. आपल्याकडे एका महसुली गावात पाच-सहा वाड्या असतात, एक धारेवर, एक ओढ्याकाठी, एक कड्याखाली. त्यातली नेमकी कुठली वाडी वाटेत आहे, हे गावाच्या नावावरून कधीच कळणार नाही. त्यासाठी नकाशा लागतो, आणि तो शेवटच्या घरापर्यंत पोचावा लागतो.

हा लेख अशा माणसासाठी आहे ज्यानं आजवर नकाशा फक्त पाहिलाय, काढलेला नाही. शाळेतले शिक्षक, भूगोलाचे विद्यार्थी, ग्रामसेवक, गिर्यारोहण मंडळातली पोरं, कुणीही. एक लॅपटॉप, एक मोबाइल आणि गावातली दोन जाणती माणसं सोबत असली की काम सुरू होतं.

आधी तीन शब्द वेगळे करा

उतार कुठे सुटू शकतो, ही झाली दरडप्रवणता. सुटलेला माल कुठवर येऊ शकतो आणि किती पावसात, हा झाला धोका. त्या वाटेत कोण राहतं, ही जोखीम. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं २०१४ पासून देशभर जे दरडप्रवणतेचे नकाशे केले, ते पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात. ते भूकोश या संकेतस्थळावर पाहायला मिळतात आणि सुरुवात तिथूनच करावी. पण त्यांचं प्रमाण १:५०,००० आहे, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर. वीस घरांची वाडी त्यात करंगळीच्या नखाएवढीही भरत नाही. तो नकाशा चुकीचा नाही, त्याचं काम वेगळं आहे. आपल्याला त्याच्याखाली, घराच्या पातळीवर उतरायचंय.

पायरी पहिली: हद्द आखा, पण गावाची नाही

नवखा माणूस हमखास गावाची हद्द घेतो आणि तिच्या आतच बघतो. डोंगर गावाच्या हद्दीत सुटेलच असं नाही. वाडीच्या वर जी धार आहे तिथपासून खाली नदी किंवा मोठा ओढा लागेपर्यंतचा सगळा उतार घ्या. वरचा भाग शेजारच्या तालुक्यात गेला तरी तो तुमच्याच नकाशात आला पाहिजे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे स्थलदर्शक नकाशे आता नोंदणी करून मोफत उतरवता येतात. भूमी अभिलेख खात्याचा गाव नकाशाही मिळवा. गट क्रमांक त्याच्यावरच सापडतात, आणि ग्रामसभेत लोक डोंगर गट क्रमांकानं ओळखतात.

संगणक सुरू करण्याआधी तासभर या कागदाशी बसा. समोच्चरेषा म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. लगतच्या दोन रेषांच्या उंचीत २० मीटरचा फरक असतो. समजा, पाच अंतरं (१०० मीटर चढ) कागदावर ४ मिलिमीटरमध्ये मावली, म्हणजे जमिनीवर २०० मीटर. शंभर भागिले दोनशे म्हणजे अर्धा, आणि हा कोन साधारण २७ अंशांचा. असे दहा-बारा कोन हातानं काढलेत की पुढे संगणकानं काही वेडंवाकडं दाखवलं तर लगेच खटकेल.

पायरी दुसरी: जुन्या दरडींचे व्रण शोधा

सगळ्या कामात जास्तीत जास्त वेळ कुठे द्यावा असं कुणी विचारलं तर मी इथेच बोट ठेवीन. जिथे दरड पडली, तिच्यासारख्याच जागी ती पुन्हा पडण्याची शक्यता अधिक. जुन्या दरडींची नोंद नसेल तर बाकीचे सगळे रंग अंदाजानं भरलेले.

गूगल अर्थच्या संगणकावरच्या आवृत्तीत जुनी उपग्रहचित्रं पाहता येतात. सरावाला आंबेगाव तालुक्यातलं माळीण घ्या. ३० जुलै २०१४ च्या सकाळी तिथे नेहमीची एसटी गेली आणि ड्रायव्हरला गावच दिसलं नाही. १५१ माणसं गेली. आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी शेजारी ठेवा. वर चमच्यासारखी खोलगट जागा, मधे अरुंद वाट, खाली पंख्यासारखा पसरलेला माल. हा आकार डोळ्यात बसला की दुसरीकडेही तो दिसायला लागतो, झाडी उगवलेली असली तरी. जुन्या व्रणावरचं हिरवं कोवळं असतं, आजूबाजूच्या रानापेक्षा फिकट आणि एकसारख्या उंचीचं.

पावसाळ्यातल्या चित्रांत ढगच असतात. ऑक्टोबर अखेर ते डिसेंबरची चित्रं उत्तम, कारण गवत अजून हिरवं असतं आणि उघडी माती तांबूस उठून दिसते. मार्चनंतर सगळा डोंगर पिवळा पडतो, वणव्यांचे काळे पट्टे येतात आणि नवखा माणूस फसतो. रस्त्याची कापणी, दगडाची खाण, यंत्रानं नुकतं सपाट केलेलं शेत, हेही दरडीसारखे दिसतात. कडा सरळ आणि कोपरे नेमके असतील तर ते बहुधा माणसाचं काम.

प्रत्येक व्रण क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पॉलिगॉन, म्हणजे बंद आकृती, म्हणून आखा. एक काळजी मात्र घ्या: सुटण्याची जागा आणि माल पसरलेली जागा एकाच पॉलिगॉनमध्ये घालू नका. खालचा पंखा सपाट जमिनीवर असतो. तो मिसळला की संगणक तुम्हाला सांगेल की दरडी सपाटीवर सुटतात. प्रत्येक नोंदीला प्रकारही लिहा. कड्यावरून निखळलेला धोंडा, उतारावरून घसरलेली माती आणि ओढ्यानं वाहत आलेला दगड-चिखलाचा लोंढा यांची कारणंही वेगळी, वाटाही वेगळ्या.

एका वाडीच्या वर दोन-चारच व्रण सापडतील. हिशेबाला ते पुरत नाहीत, म्हणून नोंद तालुकाभर करा. महाड, पोलादपूर आणि पाटण भागात २०२१ च्या जुलैनं इतके व्रण सोडलेत की चाळीस-पन्नास जमवायला फार वेळ लागत नाही. हे काम करताना मन जड होतं. पण या व्रणांनी शिकवलेलं पुढच्या वाडीच्या उपयोगी पडणार आहे.

पायरी तिसरी: उताराचा नकाशा

उंचीची माहिती मोफत मिळते. इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहाची, युरोपच्या कोपर्निकस या उपक्रमाची किंवा नासाची एसआरटीएम ही, सगळ्या साधारण ३० मीटरच्या चौकटींच्या, म्हणजे ३० मीटर लांब-रुंद तुकड्याला एकच उंची. कोपर्निकसची चांगली आहे, पण ती दाट रानात जमिनीची नाही, झाडांच्या शेंड्यांची उंची सांगते, हे लक्षात असू द्या.

फाइल उतरवली की तिचं प्रक्षेपण आधी बदला, म्हणजे अंतरं अंशांऐवजी मीटरमध्ये मोजली जातील. कोकण, पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक आणि गोवा हे सगळे यूटीएम या मीटरवरच्या प्रक्षेपणाच्या झोन ४३ उत्तरमध्ये येतात, क्यूजीआयएसमध्ये निवडायचा कोड ३२६४३. हे न करता थेट उतार (स्लोप) काढलात तर आडवं अंतर अंशांत आणि उभं मीटरमध्ये धरलं जातं आणि सगळा जिल्हा ९० अंशांचा कडा होतो. प्रत्येक नवख्याकडून एकदा तरी हे घडतं.

उताराचे पाच गट पुरतात: १५ अंशांपर्यंत, १५ ते २५, २५ ते ३५, ३५ ते ४५ आणि त्यापुढे. सर्वांत उभा भाग सर्वांत धोक्याचा, असं समजू नका. सह्याद्रीच्या सरळ कड्यावर माती ठरतच नाही, तिथून धोंडे पडतात. माती घसरते ती कड्याच्या खालच्या अंगाला, जिथे वर्षानुवर्षं पडलेला राडारोडा आणि मुरूम साठून राहिलाय, आणि आपल्या कित्येक वाड्या नेमक्या त्याच पट्ट्याच्या पायथ्याशी आहेत. पाणी तिथे, थोडी सपाटी तिथे, म्हणून वस्ती तिथे.

पायरी चौथी: पाणी आणि दगड

सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांचा डोंगर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांचे बेसाल्टचे थर एकावर एक बसलेत. काही काळा, टणक कातळ, काही सच्छिद्र आणि लवकर कुजणारे. दोन थरांच्या मधे जागोजागी लालसर मातकट पट्टा दिसतो, घाटातल्या कापणीत तो सहज ओळखू येतो. वरच्या भेगांतून मुरलेलं पाणी या पट्ट्यावर अडतं आणि आडवं बाहेर पडतं. म्हणून डोंगरात झरे बहुधा एका ठरावीक उंचीवर ओळीनं सापडतात. ती ओळ नकाशावर आखा. तिच्या वरची जाड माती मुसळधार पावसात आतून फुगते, कणांमधली पकड सुटते आणि उतार आपल्याच वजनानं निघतो. कोकणपट्टीत हीच गोष्ट जांभ्याच्या सड्याखाली होते. वर जांभा कठीण आणि भोकाभोकांचा, खाली मऊ चिकणमाती.

क्यूजीआयएसमध्ये उंचीच्या फाइलवरून ओढे-नाल्यांचं जाळं काढता येतं. त्यात घळींची माथी बघा, जिथे ओढा अजून ओढा झालेला नाही आणि तीन बाजूंचा उतार एका खोलग्यात मिळतो. पाणी तिथे गोळा होतं, मातीही तिथेच साठते. मातीचे लोंढे पुष्कळदा अशाच जागी सुरू होतात.

जमिनीचा वापरही एक लेयर, म्हणजे नकाशाचा वेगळा थर, म्हणून घ्या. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात पडकई म्हणजे उतारावर बांध घालून भातखाचरं काढण्याची जुनी, हातानं करायची पद्धत. माळीणनंतर यंत्रानं केलेल्या सपाटीकरणावर बरीच चर्चा झाली. मी शेतकऱ्याला दोष देणार नाही, भात पिकवायला त्याला सपाटी लागतेच. नकाशात एवढंच नोंदवा की उतारावर पाणी कुठे थांबवलं जातंय, कुठे रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कापलाय आणि वरच्या रस्त्याच्या मोरीतून सुटलेलं पाणी कुठल्या घळीत पडतंय. ही शेवटची गोष्ट मी कित्येक ठिकाणी पाहिलीये आणि जवळजवळ कुठल्याच नकाशात पाहिलेली नाही.

पायरी पाचवी: लेयर एकत्र करा

इथे लोक घाबरतात, पण गणित पाचवीचं आहे. समजा, तुमच्या भागात २५ ते ३५ अंशांचा उतार एकूण जमिनीच्या २० टक्के आहे आणि सुटण्याच्या ५० टक्के जागा त्यावर पडल्यात. ५० भागिले २० म्हणजे अडीच. एकापेक्षा जास्त आलं तर तो गट दरडींना पोषक, कमी आलं तर नाही. उतार, घळीच्या माथ्यापासूनचं अंतर, झऱ्यांची ओळ, जमिनीचा वापर, अशा चार-पाच लेयरसाठी हा आकडा काढा, चौकटीगणिक बेरीज करा आणि तीन रंगांत वाटा, सर्वांत मोठ्या बेरजांना लाल, सर्वांत लहान बेरजांना हिरवा. लेयर जास्त घेतले म्हणजे नकाशा चांगला होतो, असं नाही.

परीक्षा मात्र घ्यायची. सुरुवातीलाच तीस टक्के व्रण बाजूला काढून ठेवा, हिशेबात घेऊ नका. नकाशा झाला की ते त्यावर ठेवा. बहुतेक लाल भागात पडले पाहिजेत. सोबत हेही पाहा की लाल भाग एकूण जमिनीच्या पाचव्या हिश्श्याहून फार मोठा नाही. सगळा डोंगर लाल केला की सगळे व्रण लालमध्ये येणारच, पण गावाला त्यातून काही कळत नाही.

पायरी सहावी: चालत जा

३० मीटरच्या चौकटीत घराच्या मागची तीन मीटर कापणी दिसत नाही. परसात उभं राहिल्यावरच ती दिसते. नोव्हेंबर-डिसेंबरात एकदा आणि मेमध्ये एकदा, अशा दोन फेऱ्या करा. पावसाळ्यात उताराखाली अभ्यासाला जाऊ नका.

सोबत गुराखी असावा आणि एखादी आजी असावी. गुराख्याला वरची भेग माहीत असते, आजीला जुना ओढा. त्यांना "इथे भूस्खलन झालं होतं का?" असं विचारलंत तर नाही म्हणतील. विचारा: डोंगर कधी खाली आला होता? माती कुठवर आली होती? ती विहीर कशी बुजली? हा भलामोठा धोंडा शेतात कुठून आला? जागेची नावंही लिहून घ्या. नुसत्या नावावरून निष्कर्ष काढू नका, पण त्यामागची गोष्ट ऐका.

भेग ओळखताना एक चूक होते. काळी माती उन्हाळ्यात तडकते, त्या भेगा जाळीसारख्या सगळीकडे असतात आणि पहिल्या पावसात मिटतात. घसरणीची भेग वेगळी. ती उताराला आडवी, लांब, धनुष्यासारखी वाकलेली असते आणि तिचा खालचा काठ वरच्यापेक्षा खचलेला असतो. अशा भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, अंतर मोजा, तारीख लिहा, आणि पुन्हा मोजायला गावातल्याच कुणाला तरी सांगून या. खोडाशी वाकून पुन्हा सरळ वाढलेली झाडं, कललेले विजेचे खांब, खचलेला बांध, अचानक चिकटायला लागलेलं दार, नवा फुटलेला झरा, या प्रत्येकाची मोबाइलवर अक्षांश-रेखांशासह नोंद करा. एकट्या खुणेवर विसंबू नका. तीन-चार खुणा एकाच पट्ट्यात आल्या तर मात्र नकाशा पुरा होण्याची वाट न बघता तहसील कार्यालयाला लेखी कळवा आणि पोचपावती घ्या.

पायरी सातवी: माल कुठवर येईल

बहुतेक हौशी नकाशे सुटण्याच्या जागेपाशी संपतात. माणसं मरतात ती खाली.

प्रत्येक लाल घळीपासून पाण्याच्या वाटेनं खाली रेघ ओढत जा. ओढा कुठे वळतो, कुठे रुंदावतो, कुठे पूल किंवा मोरी तोंड आवळते, ते पाहा. लोंढा वळणावर वळत नाही, काठ ओलांडून सरळ जातो, म्हणून वळणाच्या बाहेरच्या अंगाची घरं आधी मोजा. मग घराच्या उंबऱ्यात उभं राहून मोबाइलच्या कोनमापकानं घळीच्या माथ्याचा कोन घ्या. कड्यावरून सुटलेले धोंडे बहुधा ३० अंशांच्या आसपासच्या रेषेत थांबतात, म्हणजे कडा त्याहून बऱ्याच कमी कोनात दिसत असेल तर धोंडा घरापर्यंत येण्याची शक्यता कमी. माती त्याहून लांब येते. कोन २० अंशांच्या वर असेल तर ते घर नक्की तपासाच. आणि ओढ्यात शिरलेल्या लोंढ्याला तर हा नियम लावूच नका. ३० जुलै २०२४ ला केरळातल्या वायनाडमध्ये डोंगर सुटला तो सुमारे १,५५० मीटर उंचीवर, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रानं उपग्रहचित्रांवरून मोजलं तेव्हा माल ८ किलोमीटर वाहत गेल्याचं दिसलं. खालच्या मुंडक्काई आणि चूरलमला गावांतल्या लोकांना आपल्या दारातून तो माथा धोक्याचा वाटण्याचं काही कारण नव्हतं. म्हणून ओढ्याकाठच्या घरासाठी नकाशा ओढ्याच्या उगमापर्यंत गेला पाहिजे, मग तो कितीही लांब असो.

पायरी आठवी: रात्री कोण कुठे झोपतं

आता घरं. छपरं मोजून भागत नाही. वाटेतल्या प्रत्येक घरात रात्री किती माणसं झोपतात, अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे का, गोठा कुठे आहे, हे लिहा. गोठ्याचं कारण असं की जनावरं सोडून माणूस निघत नाही. त्यांची सोय दाखवली नाही तर तो पावसाळी रात्री परत येतो. अंगणवाडी, शाळा आणि समाजमंदिर यांच्याकडे कठोरपणे बघा, कारण आसरा म्हणून लोकांना तिथेच नेलं जातं. आसरा स्वतः लोंढ्याच्या वाटेत नको आणि तिथे जाणारी पायवाट तोच ओढा ओलांडणारी नको. घरांची माहिती खासगी आहे. भिंतीवरच्या नकाशात नावं घालू नका, घर क्रमांक पुरेत.

नकाशाच्या कोपऱ्यात पाऊस असू द्या. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अति मुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. पण महसूल मंडळाचं पर्जन्यमापक खाली सपाटीवर असतं आणि डोंगरावरचं आभाळ वेगळं. २३ जुलै २०२१ च्या सकाळी महाबळेश्वरला आदल्या २४ तासांचा ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. इर्शाळवाडीच्या आधी तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पडल्याचं विधानसभेत सांगण्यात आलं. म्हणजे एका दिवसाचा आकडा पुरत नाही, तीन दिवसांची बेरीज ठेवा. वाडीत स्वतःचं पर्जन्यमापक बसवा, ते न जमल्यास उभ्या बाजूंचा सपाट बुडाचा डबा आणि पट्टी. शाळेतली पोरं रोज सकाळी साडेआठला मोजून फळ्यावर लिहितात, हे मी चालताना पाहिलंय. किती बेरजेला घरं सोडायची, हा आकडा गावानं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाशी बोलून पावसाळ्याआधी ठरवावा, भर पावसात ठरवू नये.

गावाला देताना

तुमचा नकाशा म्हणजे दाखला नाही. "हिरव्या भागात खुशाल घर बांधा," असं त्यावरून कुणालाही सांगू नका. घरं हलवायची की नाही, हे भूवैज्ञानिकाच्या पाहणीनंतरच ठरावं. ती पाहणी मागायला मात्र हा नकाशा फार उपयोगी पडतो, कारण "आमच्या गावाला धोका आहे" या अर्जापेक्षा "या घळीखालची ही अकरा घरं" हा अर्ज टेबलावरून लवकर हलतो.

ग्रामसभेत पडद्यावर दाखवून थांबू नका. मोठ्या कागदावर छापा, ओढ्यांना आणि धारांना गावातलीच नावं द्या आणि लोकांना पेननं दुरुस्त्या करू द्या. पहिल्याच सभेत कुणीतरी उठून "हा ओढा इकडून नाही, पलीकडून जातो" असं सांगेल. त्याला नकाशापाशी बोलवा आणि पेन त्याच्या हाती द्या. दुरुस्त केलेली प्रत ग्रामपंचायतीत, शाळेत आणि पोलीस पाटलांकडे लावा. खाली आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत, शेजारी नकाशाची तारीख. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की तोच कागद घेऊन पुन्हा वर जा. सगळ्यांत आधी खुंट्यांमधलं अंतर मोजा.